कौलं

औषधांच्या दुकानावर माझी खोली.
एक खुर्ची, एक भिंगाचा दिवा,
खिडकीतून त्रापानीची मिठागरं दिसतात
आणि एक पवनचक्की,
जी आता फक्त फोटो काढणाऱ्यांसाठी फिरते.

बाल्दास्सारे आला तो टोपी हातात धरून.
वय एकाहत्तर. डोळ्यांच्या कडांना, गालफडांच्या उंचवट्यावर
काळे ठिपके, दाट,
कुणी तीळ पेरून विसरून गेल्यासारखे.
"घाण आहे," तो म्हणाला. "धुतली तरी जात नाही."

लिंबू चोळून झालं होतं.
लिंबावर मीठ घालून झालं होतं, जाडं,
त्याच्याच हातांनी ओढलेलं.
एकदा तर होडीचा तळ घासायचा ब्रश.
गाल सोलवटले, ठिपके जागच्या जागी.

मी दिवा जवळ ओढला.
"घाण नाही ही.
घरी वांगी चिरता ना?
चिरलेली फोड उघड्यावर काळी पडते,
तिला कुणी मळकी म्हणतं का?
कातडीचं तेल, कातडीचाच झडलेला भुसा
छिद्रात साचतो, तोंड उघडं राहतं,
हवा लागली की वरचं टोक काळवंडतं.
आत मेणासारखं पिवळटच असतं सगळं.
पन्नास वर्षं वरून ऊन,
खालून मिठावरून उलटून आलेलं ऊन,
आणि खिशातलं हे पाकीट.
तिघांनी मिळून कातडी सैल केली,
छिद्रांना मिटताच येईना."

तो गप्प. मग म्हणाला,
"इन्याझिया काढायची.
रविवारी, जेवणं झाल्यावर, गच्चीत.
डोकं तिच्या मांडीवर,
तिची केसांतली पिन, आणि शिव्या.
हलू नकोस, गाढवा.
चार वर्षं झाली."
टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली.
"चार वर्षांत इतक्या जवळून
कुणी पाहिलं नाही मला.
न्हावीसुद्धा टीव्ही बघत असतो."

पिन वाईट, हे मला सांगायचं होतं.
पिनेनं व्रण राहतो, नखानं पू धरतो,
जोरानं दाबलं तर आतल्या आत फुटतं.
सगळं पाठ आहे, भिंतीवर चिकटवलंही आहे.
नाही सांगितलं.

कोमट टॉवेल ठेवला. थांबले.
उकळून घेतलेली तारेची कडी टेकवली, अगदी हलकी.
येईल ते येऊ द्यायचं,
येत नाही त्याच्याशी भांडायचं नाही.
अकरा निघाले. कापसावर ठेवून दाखवले.
तो बराच वेळ बघत राहिला.
"एवढुसं?"

मग खालच्या डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं,
मी ते पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहिलं:
रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटाराच्या दाण्याएवढं,
डोळ्यांपासून जरा लांब.
आधी साल निघेल, घाबरायचं नाही. तीन महिने.
साध्या साबणानं दोनदा धुवायचं,
घासायचं नाही, मीठ जेवणात.
सिगरेट.
इथे त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि ऊन," मी म्हटलं.
"उन्हाचं काय करणार? आमची भाकरीच ती."
"हिवाळ्याआधी मिठाच्या राशींवर कौलं कोण रचतं?"
"आम्हीच."
"का?"
"नाहीतर वर्षाची कमाई वाहून जाते."
"मग स्वतःवरही रचा की.
सकाळी क्रीम, वर टोपी.
डोक्यावर. हातात नव्हे."
तो हसला तेव्हा
डोळ्यांच्या कडांचे तीळ सुरकुत्यांत लपले.

आता महिन्यातून एकदा येतो.
सिगरेट सोडली म्हणतो, कोटाचा वास निराळं सांगतो.
मलम मात्र लागू पडलंय.
गेल्या खेपेला शोधून शोधून दोनच सापडले,
तेही राहिले असते तर काही बिघडत नव्हतं.

पण तो डोळे मिटून बसला होता.
मी दिवा जवळ ओढला,
म्हटलं, "हलू नका."
पुढचा शब्द माझा नव्हता.
तो मी उच्चारला नाही.